फाईल वाचाच, पण मावशीलाही भेटा

आमच्या दोघांच्या वयाची बेरीज ९१. दत्तकाच्या नियमांत या आकड्याला एवढं वजन असतं हे नोंदणीला बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर जोडप्याच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांसाठी ९०. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी मर्यादा १००. म्हणजे तान्ह्या बाळाचा विषय नोंदणीच्या पहिल्याच टप्प्यावर मिटला. ‘एवढं मोठं मूल? त्याला मागचं सगळं आठवत असेल की,’ असं नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी म्हणून दाखवलं. आठवतं. आठवू दे की!

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. ‘कारा’ म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या ‘केअरिंग्स’ पोर्टलवर नोंदणी, पॅन, उत्पन्न, रहिवासाचा पुरावा, दोघांच्या तब्येतीचे दाखले, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. आमच्या वयाच्या अनेक जोडप्यांकडे विवाह नोंदणीचा दाखलाच नसतो, तो आधी काढून ठेवा. ‘एक ओळख आहे, थेट बाळ मिळेल’ असं कुजबुजणारेही भेटतात. बाल न्याय कायद्याने तो गुन्हा आहे, तिथे दोन मिनिटंही थांबू नये.

गृहभेटीला आलेल्या सामाजिक कार्यकर्तीची आम्ही उगाच धास्ती घेतली होती. तिला घराच्या फरशीत रस नव्हता. तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं, तुमच्यानंतर मुलाचं कोण करेल, असले तिचे प्रश्न. सासूबाईंनी तिला पोहे दिले आणि गाव कोणतं, लग्न झालं का, अशी तिचीच चौकशी सुरू केली. अहवाल तरीही चांगला आला. तो तीन वर्षं चालतो.

लहान बाळासाठी रांग काही वर्षांची असते. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि तो बऱ्याच वर्षांतला मोठा आकडा मानला गेला. वाट पाहणारी कुटुंबं त्याच्या कितीतरी पट आहेत. मोठ्या मुलासाठी मात्र आमचा नंबर अपेक्षेपेक्षा लवकर लागला. पोर्टलवर फोटो, मुलाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, आणि हाती ४८ तास. तेवढ्यात मूल राखीव करायचं, मग प्रत्यक्ष भेट.

अहवालात लिहिलं होतं: शांत, आज्ञाधारक, सर्वांशी मिळून मिसळून राहतो. जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली. बाकी उंची, वजन, लसी. सात वर्षांच्या माणसाबद्दल एवढंच.

खरी माहिती दिली ती संस्थेत मुलांचं जेवणखाण बघणाऱ्या मावशींनी. त्यांना भेटायचं असं कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही. दत्तक समितीत त्या नसतात, त्यांची सहीही कुठे लागत नाही. आम्ही अधीक्षकांना विनंती केली, तेव्हा त्या पदराला हात पुसत आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. तो झोपताना पायाशी पांघरूण खोचून घेतो. वीज कडाडली की मोठ्याने पाढे म्हणतो. कुणी मागून हात लावलेला त्याला चालत नाही, आधी समोर या. आणि मग म्हणाल्या, ‘ताई, तो साऱ्याले हो म्हणते. नाही म्हणाले लागला का समजा रुळला.’

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. समितीसमोर त्याला विचारलं, यांच्याकडे जायचं का? तो ‘हो’ म्हणाला. मावशींचं ऐकून आलो होतो, त्यामुळे त्या ‘हो’चा आम्ही फार आनंद मानला नाही. नियमाने ती संमती असते हे खरं, पण ती खरोखर मिळायला मला वाटतं वर्ष लागतं.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तोपर्यंत मूल दत्तकपूर्व संगोपन म्हणून आपल्या घरी राहतं. आदेश आला, आमच्या नावांचा जन्मदाखला मिळाला. एका शाळेने तरीही ‘मूळ वडिलांचं नाव’ विचारलं. वाद घालू नका, जन्मदाखला पुढे करा. तेवढा कायद्याने पुरतो.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचा. संस्थेत मुलांना स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती, त्यामुळे फोडणी कशी देतात हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मोहरी तडतडली की तो हसायचा. दोन शर्ट समोर धरून कोणता घालतोस विचारलं तर म्हणायचा, ‘जो द्याल तो.’ धुतलेले कपडे घडी करून सगळ्यांच्या कपड्यांत मिसळून ठेवायचा. त्याचं वेगळं कपाट आहे हे पटायला बराच काळ गेला.

यांच्या वाढदिवसाला केक आणला, तर तो भिंतीला लागून हात जोडून उभा राहिला आणि प्रार्थना म्हणायला लागला. संस्थेत लोक वाढदिवसाला, पितरांच्या तिथीला जेवण द्यायला येतात. मुलं रांगेत उभी राहतात, अनोळखी काकांना ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात, फोटो निघतो, मग ताट. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तेव्हापासून मी कुठल्याही संस्थेत केक घेऊन गेले नाही, धान्य पाठवते. ‘वहिनी, पुण्याचं काम केलं तुम्ही,’ असं त्याच्यादेखत म्हणणाऱ्यांना आता मी तिथल्या तिथे थांबवते. तेही रांगेत उभं करणंच झालं.

दिवाळीनंतर कधीतरी तो दोडक्याच्या भाजीला ‘नको’ म्हणाला. सासूबाई रागावणार होत्या, यांनी त्यांना डोळ्याने गप्प केलं. त्या संध्याकाळी मी मावशींना फोन केला.

एकदा गणित सोडवताना त्याने सहज विचारलं, ‘अठरा वर्षांचा झालो की मी कुठे जायचं?’ संस्थेतल्या प्रत्येक मुलाला हा आकडा पाठ असतो. अठराव्या वर्षी बालगृह सुटतं. पुढे अनुरक्षणगृह आहे, तेही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, पण अनाथ असल्याचा दाखला काढून तिथपर्यंत पोचायला मागे कुणीतरी लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला दिव्यांग अनाथ मुलांना सांभाळणारे पद्मश्री शंकरबाबा पापळकर हेच सांगत आलेत: दिव्यांग अनाथांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका. त्यांचंच नाव लावणारी दृष्टिहीन माला एमपीएससीची परीक्षा पास झाली आणि तिला नेमणूक मिळाली ती आमच्या नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. तिच्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रिजवर आहे. ‘तुला कुठेच जायचं नाही’ हे उत्तर त्याला अजून अधूनमधून ऐकावं लागतं.

सध्या घरात दुसराच विषय आहे. संस्थेत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र. ‘त्यालाही आणू’ हा हट्ट त्याने धरला, आणि हट्ट धरतोय याचंच आम्हाला आधी कौतुक वाटलं. पण तो मित्र दत्तकासाठी मोकळा नाही. त्याला आई आहे, ती धुणीभांडी करते, जमेल तेव्हा भेटायला येते. बालगृहातल्या बऱ्याच मुलांचं असंच असतं, अनाथ म्हणावीत अशी त्यात थोडीच. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा एकल पालकाला मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरीच राहावं म्हणून. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. संस्थेतल्या कार्यकर्तीमार्फत तिचा अर्ज भरून झालाय. उत्पन्नाचा दाखला तेवढा अडलाय, त्यासाठी सोमवारी हे तिच्यासोबत तहसीलला जाणार आहेत.