आमची वाटचाल : परळचा गाळा आणि कृत्रिम पायांचे काम

उमेदीची वर्षे मी बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचे यंत्रशास्त्र, शिकवण्यात घालवली. विद्यार्थ्यांनी केलेली उपकरणे परीक्षकांना दाखवून झाली की कपाटात जात, आणि ती कोणा अपंगाच्या अंगावर चढलेली मी क्वचितच पाहिली. अखेर १९८२ च्या संपात गिरणी सुटलेल्या एका फिटरांना भागीदार घेऊन मी परळला गाळा घेतला. लेथ त्यांचा आणि गणित माझे, अशी वाटणी होती.

गुडघ्याखालच्या पायाचे सॉकेट, म्हणजे कापून उरलेला पाय ज्यात बसतो तो पोकळ भाग, करताना भार वाटीखालच्या कंडरेवर घ्यायचा असतो आणि फिब्युलाच्या, म्हणजे पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, डोक्याला मोकळीक ठेवायची असते. स्टंपवरच्या, म्हणजे उरलेल्या पायावरच्या, ओल्या मोज्यावर ओलाव्याने रंग सोडणाऱ्या कॉपिंग पेन्सिलीने केलेल्या खुणा प्लास्टरच्या पट्टीत आतून उमटतात आणि पुढे भरीव साच्यावरही उतरतात. त्यांवरून अर्धगोल कानशीने कुठे घासायचे आणि कुठे प्लास्टर चढवायचे, हे भागीदारांना बोटांनीच कळे. पावसाळ्यात साचा लवकर वाळत नाही. घाई केली, तर साच्यावर चढवलेल्या तापलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लॅस्टिकच्या) पत्र्याखाली वाफ धरते आणि पत्रा फुगतो. नव्या मुलांना सांगतो, रुग्ण जुना पाय काढून तासभर बाकावर बसला असेल, तर त्या सुजेवर माप घेऊ नका.

आमच्याकडेच शिकलेल्या एका तंत्रज्ञाने पुढे तीन ठरावीक मापांची सॉकेटे काढून निम्म्या दराची निविदा भरली. ज्या धर्मादाय संस्थेसाठी आम्ही उधारीवर पत्रे आणले होते, तिने पहिली खेप ताब्यात घेतली, उरलेले काम त्याला दिले आणि आमचे बिल ठेवून दिले. बँकेचे हप्ते थकले, पत्रा साच्यावर ओढून बसवणारा व्हॅक्यूम पंप विकावा लागला आणि भागीदारांनी महिनोन्महिने पगार उचलला नाही. त्या संस्थेच्या शिबिरात दिवसाला किती पाय वाटले, ते वर्तमानपत्रात छापून आले. त्यांतले किती घरी कोपऱ्यात पडून राहिले, ते कोणी विचारले नाही.

त्या काळात दादरच्या फुलबाजारातल्या एका मावशींनी आम्हांला तारले. लाकडी गाभ्याच्या, घोट्यात न वाकणाऱ्या सॅच पावलावर त्यांना उकिडवे बसता येत नसे. आम्ही त्यांना जयपूर फूट जोडून दिला होता. १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेले ते रबरी पाऊल जमिनीवर बसणाऱ्यांसाठीच आहे. शिबिरातला फुकटचा पाय मावशींनी नाकारला, आमच्याकडून करून घ्यायच्या नव्या पायाचे सगळे पैसे आगाऊ दिले आणि रेल्वे अपघातात पाय गमावलेली माणसे एकामागून एक आमच्याकडे पाठवली. पंप त्याच पैशांतून परत आला.

तेव्हापासून आम्ही निविदा भरत नाही, आणि ज्याला धंदा टिकवायचा आहे त्याने निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय प्लास्टर भिजवू नये. त्या संस्थेकडचे बिल आजही येणे आहे. दर मार्चअखेर आम्ही तिला स्मरणपत्र धाडतो.