५४४१ पैकी एक: स्नूपी स्पीडमास्टर घेण्याआधी काय तपासावं

१९७० ची अपोलो १३ ही चांद्रमोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद चालली. त्यातले शेवटचे चार आकडे उचलून ओमेगा या घड्याळ कंपनीने २००३ साली आपल्या स्पीडमास्टर घड्याळाची स्नूपी (कार्टूनमधला कुत्रा) आवृत्ती काढली, ५४४१ नगांची, मॉडेल नंबर ३५७८.५१.००. २०१५ साली पांढऱ्या डायलची दुसरी आली, १९७० नगांची. यावेळी मोहिमेचं सालच नगांचा आकडा झालं. २०२० ची निळ्या बेझलची (काचेभोवतीच्या कड्याची) स्नूपी मात्र मर्यादित आवृत्ती नाहीच. बाजारात तिलाही सर्रास ‘लिमिटेड’ म्हणतात. घड्याळ देखणं आहे, आवडलं तर जरूर घ्या, पण त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत ओमेगाचं १८६१ क्रमांकाचं मशीन आहे. त्या काळच्या साध्या मूनवॉचमध्येही (म्हणजे नेहमीच्या स्पीडमास्टरमध्येही) हेच मशीन असायचं. म्हणजे आपण जादा पैसे देतो ते डायल, मागचं झाकण, डबा आणि कार्ड यांचे. सर्व्हिसिंगमध्ये डायल बदलली गेली, की हातात उरतं साधं स्पीडमास्टर. उलटंही घडू शकतं: त्याच काळातल्या साध्या घड्याळावर स्नूपीची डायल आणि झाकण चढवलं, तर वरवर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी केसच्या शिंगाच्या (जिथे पट्टा अडकतो त्या टोकाच्या) मागच्या बाजूला कोरलेला सिरीयल नंबर वॉरंटी कार्डाशी आकडा न् आकडा जुळवा. नंबर पुसट असेल, तर घड्याळ जोरात पॉलिश झालंय असं समजा. शिंगांवर ब्रश केलेला आणि चकचकीत भाग जिथे भेटतात, ती कड धारदार दिसली पाहिजे. गोलसर, साबणाच्या वडीसारखी झाली असेल, तर किंमत उतरवून मागा.

मग दहापट भिंग घ्या. २००३ च्या घड्याळाची काच हेसलाइटची, म्हणजे ॲक्रिलिकची. अस्सल काचेच्या बरोबर मध्यभागी ओमेगाचं अगदी बारीक चिन्ह असतं. उजेड तिरपा पाडला, की सेकंद काट्याच्या बुडाशी ते दिसतं. नसेल तर काच बाहेरची आहे. काच स्वस्त असते, तिची काळजी नाही. पण ती बसवणाऱ्याने आत आणखी काय केलं, हा प्रश्न उरतो. हेसलाइटवरचे ओरखडे पॉलिवॉच या पॉलिशच्या मलमाने निघतात, त्यामुळे ते बघून घाबरू नका.

घड्याळ टायमिंग मशीनवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावताना त्यात तासाला २१,६०० ठोके आणि लिफ्ट अँगल (या मशीनसाठी भरायचा ठरलेला कोन) ५० अंश ठेवा. पूर्ण चावी देऊन डायल वर ठेवली, की ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २७० अंशांच्या आसपास यायला हवा. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, सुरू केल्यावर तो थोडा उतरतो. फारच उतरला, तर तेल सुकलेलं असतं किंवा क्लचची (क्रोनोग्राफ मशीनला जोडणाऱ्या भागाची) चाकं एकमेकांत जास्त खोल बसलेली असतात. सुरू होताना सेकंद काट्याने किंचित उडी मारणं हा दोष नव्हे. आडव्या क्लचमध्ये दाते दात्यांना भिडताना तसं होतं. रीसेट केल्यावर काटा नेमका १२ वर येत नसेल, तर मात्र भाव करताना ते मोजा. काटा काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि त्या कामात हत्यार घसरलं तर ओरखडा पडतो तो त्याच डायलवर, जिच्यासाठी सगळे पैसे मोजले.

कागद अस्सल म्हणजे घड्याळही अस्सल, असं धरून चालू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७ चं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं, हे २०२३ साली खुद्द ओमेगानेच सांगितलं. एवढ्या मोठ्या सौद्यात असं होतं, तर आपण स्वतः भिंग लावायलाच हवं.

भारतात १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पॅन नंबर असलेलं पक्कं बिल घ्याच.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते. पट्टा काढून वेगळा ठेवा, डब्यात सिलिका जेल घाला आणि ते ओलं झालं की बदला. घड्याळ अचानक रोज मिनिटाच्या हिशेबात पुढे जाऊ लागलं, तर झाकण उघडू देऊ नका. स्पीकर नाहीतर मोबाइलच्या चुंबकी कव्हरमुळे केसस्प्रिंग (चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) भारली गेलेली असते बहुतेक वेळा. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) दोन मिनिटांचं काम.

सर्व्हिसिंगला देताना पावतीवरच लिहून घ्या: ‘पॉलिश नको, डायल, काटे व झाकण बदलायचे नाहीत, काढलेले सुटे भाग परत हवेत.’ तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं, घड्याळजीच्या टेबलापर्यंत पोचत नाही. आणि घड्याळ हातातून सोडण्याआधी डायल, झाकण व शिंगावरचा नंबर यांचे जवळून फोटो काढून ठेवा.