आमची वाटचाल : पुढच्या खोलीतली अक्षरजुळणी

आमच्या अक्षरजुळणीच्या व्यवसायाला १९९९ साली पुण्यात, सदाशिव पेठेतील राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सुरुवात झाली आणि तो आजही तेथेच आहे. एक पेंटियम संगणक, त्यावर विंडोज ९८ आणि पाने मांडण्याचे पेजमेकर ६.५, हप्त्याने घेतलेला लेझर प्रिंटर, माझी मिनिटाला ४० शब्दांची टंकलेखन परीक्षा आणि टेबलाखाली खेळणारी दोन वर्षांची मुलगी, एवढ्यावर आम्ही पाटी लावली. तिला झोपवून रात्री दहानंतर जुळणी करावयाची आणि सकाळी बटर पेपरवर प्रिंट काढून छापखान्यात पोहोचते करावयाचे, असा क्रम होता.

२००१ च्या ऑक्टोबरात एका दिवाळी अंकाचे १४४ पानांचे, म्हणजे सोळा पानांचा एक असे नऊ फॉर्मांचे काम आमच्याकडे होते. त्यांपैकी पाच छपाईला गेले होते, चारांची दुरुस्ती उरली होती. प्रिंटरची केबल बदलताना मराठी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे संगणक आणि ती केबल यांच्यामध्ये बसणारी, सॉफ्टवेअर चालू देणारी किल्ली, मी काढून टेबलावर ठेवला, ही चूक माझीच. चार वर्षांच्या कन्येला त्याच्या पंचवीस पिना बाहुलीचा कंगवा वाटल्या. वाकलेल्या पिना चिमट्याने सरळ करताना दोन तुटल्या. पाने पडद्यावर दिसत होती, परंतु डोंगलशिवाय मराठी कळफलक चालेना, आणि नवा मिळण्यास आठवडा लागणार होता.

त्या संध्याकाळी आमचे गुरुजी आले. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्या स्तोत्रांच्या पुस्तिका पहिल्या वर्षापासून आमच्याकडेच होत असत. त्यांनी आपली प्रुफे बाजूला ठेवली आणि फाँटचे कोष्टक मागितले. ऑल्टचे बटण दाबून प्रत्येक आकाराचा चार अंकी क्रमांक दिला की ते अक्षर उमटते, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. पण ‘ष्ट्या’सारख्या जोडाक्षराला असे तीन-चार क्रमांक लागतात, आणि चार फॉर्मांची दुरुस्ती त्या रीतीने करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. मुलीला मांडीवर घेऊन गुरुजी आकडे वाचत आणि मी ते दाबीत असे. असे तीन रात्री चालले. अंक वेळेवर निघाला.

तरीही पुढील वर्षी तो अंक आमच्याकडे आला नाही. चौकातील काचेच्या दाराच्या, चार संगणकांच्या केंद्राचे मालक संपादकांना म्हणाले होते, “बाईंच्या घरी मूल मशीनशी खेळतं, तुमचा अंक एक दिवस अडकेल.” यातील पहिला भाग खरा असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही. त्यांनी केलेल्या अंकात संपादकीयाच्या मथळ्यातच ‘दीपावली’चा ‘दी’ ऱ्हस्व छापला गेला, ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे बरी गेली. सारे युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर आले. गुरुजींच्या जुन्या फायली मी एकेक पान ताडून नव्या फाँटमध्ये आणल्या, कारण रूपांतर करणारी प्रणाली रफार हमखास चुकवीत असे. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी प्रत्येक कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि घरात मूल असेल तर त्याला “हात लावू नकोस” असे म्हणत बसण्याऐवजी एक बिघडलेला कीबोर्ड त्याच्या मालकीचा म्हणून द्यावा. आमच्याकडे डोंगलच्या प्रकरणानंतर तसा दिला आणि पुढे कोणतीही पिन वाकली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि काचेचे दार बंद झाले. आमचे काम नेहमीच्या खोलीत चालू होते. एप्रिलमध्ये त्या केंद्राच्या मालकांचा फोन आला. संगणक घरी आणला आहे, चार वर्षांचा नातू कामाला बसू देत नाही, “ताई, तुम्ही त्या वेळी कसं जमवलंत?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना बिघडलेल्या कीबोर्डाचा उपाय सांगितला. ‘दीपावली’चा विषय काढला नाही.