धर्माची काँटेसा

आमच्या वाड्याच्या मागे, टिनाच्या छपरीखाली, एक पांढरी काँटेसा उभी असते. १९९३ साली बनलेली ही गाडी बाबांनी १९९७ मध्ये नागपूरच्या एका कापड व्यापाऱ्याकडून घेतली, कारण त्या वर्षी आमच्या संत्र्याच्या आंबिया बहाराला भाव बरा मिळाला होता, आणि संत्र्याला बरा भाव मिळाला की वरूड तालुक्यातला माणूस पुढच्या चार वर्षांचा विचार न करता काही तरी मोठे घेऊन मोकळा होतो. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत काँटेसा बनवली. मूळ आराखडा इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉलचा, आमच्या गाडीतले १८०० सीसीचे इंजिन जपानच्या इसुझूचे, आणि उरलेले पुष्कळसे आता आमच्या गावच्या मिस्त्रीचे. गाडी इतकी लांब, की गावात ती वळवायची तर मारुतीच्या पारापर्यंत जावे लागे, आणि पारावर बसलेल्या मंडळींना पाय वर घ्यावे लागत.

बाबा गेल्यापासून ही गाडी पंधरा दिवसांतून एकदा, बॅटरी उतरू नये एवढ्यासाठी, सुरू करून बंद केली जाते. मुलाचे म्हणणे असे, की २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर प्रमाणपत्र मिळते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. हिशेब म्हणून ते चूक नव्हते; पण मोडीत हा शब्द कानावर पडताच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "भंगारात देऊ नोको बापा. इकू बी नोको. कोनाले तरी दान देऊन टाक."

दान ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याने तर ती फारच सोपी करून सांगितली. त्याच्या शेजाऱ्याने आपली जुनी मोठी सेडान एका धर्मादाय संस्थेला दिली, ती अशी: फोन केला, दोन दिवसांनी एक माणूस गाडी ओढून न्यायला आला, कागदावर सही झाली, गाडी गेली. पुढे ती बहुधा लिलावात विकली जाते आणि आलेले पैसे संस्थेला मिळतात. पूर्वी देणारा माणूस मनाला येईल ती किंमत लावून करात वजावट मागत असे. २००५ पासून मात्र वजावट पाचशे डॉलरच्या वर मागायची असेल, तर बहुतेक वेळा ती लिलावात प्रत्यक्ष आलेल्या रकमेपुरतीच मिळते. हे ऐकून मला त्या कायदा करणाऱ्यांविषयी आदर वाटला. आपल्या जुन्या वस्तूची किंमत माणूस स्वतः ठरवायला बसला की तो काय काय धरतो, हे त्यांनी बरोबर ओळखलेले दिसते. मी स्वतः मनातल्या मनात आमच्या काँटेसाची किंमत काढली होती, आणि तिच्यात बाबांच्या गॉगलची किंमतही धरलेली होती.

आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही. आयकरात धर्मादाय देणगीवर मिळणारी वजावट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८० जी) पैशाच्या देणगीला आहे, आणि रोख असेल तर तीही दोन हजारांपर्यंतच; वस्तूला काही नाही. "गाडी दिली तर पुण्य मिळेल, वजावट नाही," असे आमचे करसल्लागार म्हणाले, आणि त्या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

संस्था शोधायला फार लांब जावे लागले नाही. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर एक वसतिगृह आहे, तिथे मेळघाटातली कोरकू मुले राहून शिकतात. तिथले व्यवस्थापक एका रविवारी गाडी पाहायला आले. आम्ही ती आदल्या दिवशी धुऊन, पुसून, दारात आणून ठेवली होती, स्थळ पाहायला येणार असले की मुलीला ठेवतात तशी. त्यांनी सावकाश एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. डिक्की उघडली, आणि आत संत्र्याची वाळलेली पाने, एक सुतळीचे बंडल आणि गाडी काळ्या मातीत रुतली की बैलजोडी जुंपून बाहेर काढायचा तो जाड दोर निघाला. पुढचे इंजिन मागची चाके फिरवते, त्यामुळे पावसाळ्यात पांदणीत ही गाडी हमखास फसायची, आणि शेजारच्या काकांची बैलजोडी तिला ओढून काढायची. दोर हातात घेऊन ते हसले. मग मागच्या सीटवर बसून पाहिले, आणि तिथूनच म्हणाले, "गाडी त लय झ्याक आहे भाऊ. पण हिले पोसन कोन?"

मग आम्ही ओसरीवर बसून चहाबरोबर हिशेब मांडला. गाडी लिटरला आठ किलोमीटर देते, तेही मनात असले तर. इंजिन १५०० सीसीच्या वरचे, म्हणून नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी. पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे जे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आम्ही २०२३ मध्ये ते भरलेले आहे. नाव बदलायचे तर फॉर्म २९ आणि ३० भरून अमरावतीच्या आरटीओत जायचे, त्याआधी त्यांच्या विश्वस्तांच्या सभेत गाडी स्वीकारल्याचा ठराव व्हायचा. शिवाय ड्रायव्हरचा पगार. शिवाय सुटे भाग, जे आता दुकानात मिळत नाहीत आणि दुसऱ्या मेलेल्या काँटेसातून काढून आणावे लागतात. एका कागदावर त्यांनी सगळे लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. जी गाडी मी त्यांना देत होतो, ती त्यांच्या महिन्याच्या तांदळातून खाणार होती.

धर्माची गाय आणि दात का नाय, ही म्हण घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी आहे. घेणाऱ्याने दात मोजायचे नसतात, हे देणाऱ्याला फार सोयीचे असते. कठोपनिषदातल्या नचिकेताच्या वडिलांनी यज्ञात ज्या गाई दान दिल्या त्या शेवटचे पाणी पिऊन, शेवटचे गवत खाऊन, शेवटचे दूध देऊन झालेल्या होत्या, आणि हे पाहून पोराला राहवले नाही, तिथूनच पुढची सगळी गोष्ट घडली. आमच्या वर्धेजवळच्या पवनारहून विनोबा पायी निघाले आणि १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. पण देशभरात त्यात जी जमीन मिळाली, तिच्यात खडकाळ आणि नापीक जमीनही बरीच होती. देणाऱ्यांनी खोटेपणाच केला असे मी म्हणणार नाही. आपल्याला जे सांभाळवत नाही ते दुसऱ्याला उपयोगी पडेल, असे माणसाला मनापासून वाटू शकते. मलाही वाटत होते. मी दान देत नव्हतो, बाबांच्या गाडीसाठी वृद्धाश्रम शोधत होतो, आणि त्याचा खर्च मुलांच्या वसतिगृहावर टाकत होतो.

सरळ मार्ग होता. जुन्या काँटेसाचे शौकीन आता नागपूर-पुण्यात आहेत. त्यांतल्या एकाला गाडी विकावी आणि आलेल्या पैशांचा चेक संस्थेला द्यावा, म्हणजे ८० जीही सांभाळले जाईल. व्यवस्थापकांना मी तसे म्हटलेही. ते थोडा वेळ कप फिरवत बसले आणि मग त्यांनी विचारले, "तुमचे बाबा कोनाकोनाले नेत होते हिच्यातून?"

मी आठवू लागलो. रात्री कळा सुरू झालेल्या बाया. फवारणीत विष चढलेला एक गडी, ज्याच्या उलटीचा वास महिनाभर मागच्या सीटला होता आणि बाबांनी त्याबद्दल घरात कोणाला एक शब्द बोलू दिला नव्हता. बारावीच्या परीक्षेला उशीर झालेली पोरे. नवरदेव तर इतके, की दरवाज्याच्या कडीला बांधलेल्या झेंडूच्या दोऱ्यांनी तिथला रंग उडाला आहे. पेट्रोलचे पैसे कोणी दिले तर बाबा घेत, नाही दिले तर विचारत नसत.

"मग गाडी तुमच्याच नावानं राहू द्या," ते म्हणाले. "बुधवारी आमचे चार-पाच पोरं तालुक्याच्या दवाखान्यात न्या लागतात. ऑटोवाला चारशे घेते. तुम्ही नेऊन आणता का?"

मी होकार दिला. देणगीची पावती कशाची फाडायची, हा प्रश्न त्यांनाही पडला, पण त्यांच्या पावतीपुस्तकात बुधवारचा रकाना नव्हता.

या गोष्टीला आता सात महिने झाले. दर बुधवारी आठच्या सुमारास मी वसतिगृहाच्या फाटकाशी गाडी उभी करतो. मुले आधी एकमेकांना ढकलतात, मग मागच्या रुंद सीटवर चिमण्यांसारखी ओळीने बसतात. एक मुलगा, ज्याच्या कानाचे औषध चालू आहे, नेहमी डाव्या खिडकीशी बसतो आणि काचेचे हँडल फिरवून काच खाली करतो, वर करतो, पुन्हा खाली करतो. तालुक्याच्या गावापर्यंत त्याचे हे काम थांबत नाही. पहिल्या दोन वेळा मी त्याला दटावले. आता दटावत नाही, फक्त ते हँडल लवकरच गळून हातात येणार आणि मिस्त्रीला सांगून दुसरे कुठून तरी मिळवावे लागणार, हे ओळखून आहे.

पहिल्या बुधवारी संध्याकाळी मी गाडी छपरीखाली लावून आत आलो, तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"देल्ली का गाडी?" तिने विचारले.

"देल्ली," मी म्हटले.

तिने दारातून छपरीकडे एकदा पाहिले, सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला, आणि टायरात हवा कमी दिसते म्हणाली.