बाबूकड्यावरून माहेर

नकाशावर पट्टी ठेवली तर माझं सासर सातारा आणि माहेरचा खेड तालुका जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. मधे फक्त सह्याद्री आहे. तो 'फक्त' ओलांडायला उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण असा वळसा घ्यावा लागतो. मुलं लहान होती तेव्हा कुंभार्लीच्या कुठल्या वळणावर कोण ओकणार हे मला पाठ झालं होतं.

माहेरच्या अंगणातून पूर्वेला भिंतीसारखा डोंगर दिसतो. सकाळी सूर्य त्याच्याआडून उशिरा यायचा आणि संध्याकाळी उन्हं त्याच्या अंगावर चढत चढत माथ्याला टेकायची. तेच आमचं घड्याळ. उन्हं माथ्याला लागली की गुरं आणायला निघायचं. पलीकडे काय आहे विचारलं की आजी म्हणायची, "घाट." बास. पुढे मला तिकडेच दिली.

त्या भिंतीवर उभं राहायचा योग लग्नानंतर बावीस वर्षांनी आला, तोही नणंदेमुळे. अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, आणि दर रविवारी अजिंक्यतारा चढणाऱ्या. मी सेहेचाळीस, बँकेत बसून काम. डिसेंबरातला दुसरा शनिवार होता, मला सुट्टी. "वासोट्याच्या गडावर चल, कोकण दिसतं वरून," एवढंच त्या म्हणाल्या.

पहाटे कासच्या रस्त्याने बामणोली गाठली. वनखात्याचा परवाना, ओळखपत्राची झेरॉक्स, मग लाँच. शिवसागराचं पाणी गार आणि काळंभोर होतं, वर धुक्याची साय. दीड तास नुसतं इंजिनचं फटफट. हा तलाव म्हणजे कोयना धरणाचं पाणी, आणि त्याच्या पोटात गावं आहेत. गडाच्या पायथ्याचं मेट इंदवलीही उठलं, आता तिथे माणसांची वस्ती नाही. अक्कांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे धरण हा घरचाच विषय. "आमच्याकडचं पाणी," त्या म्हणाल्या, "डोंगराच्या पोटातून बोगद्याने खाली नेतात, पोफळीला वीज करतात आणि तुमच्या वाशिष्ठीत सोडून देतात." 'तुमच्या'वर जरा जोर होता. मी थर्मासमधला चहा पुढे केला.

पलीकडच्या काठावर चौकीत पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकचा एकेक तुकडा मोजून अनामत घेतात, उतरल्यावर तेवढेच दाखवायचे. माझे सात निघाले, लिमलेटच्या गोळ्यांचे कागद धरून. अक्कांचा आकडा शून्य. दशम्या फडक्यात, चटणी पानात, पाणी तांब्याच्या बाटलीत. शिक्षिका होत्या ते अशा वेळी कळतं.

सुरुवातीची वाट सपाट आणि भुलवणारी आहे. ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. नमस्कार करून मान वर केली की पुढे चढ म्हणजे चढच. गंमत म्हणजे डोंगर चढताना डोंगरच दिसत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, सगळी डोक्यावर मिटलेली. खाली पाचोळा असा की पाय पुढे टाकला तरी अर्धा मागे येतो. ऊन पैशापैशाएवढं सांडलेलं. जंगल व्याघ्रप्रकल्पातलं, गडाचं नावही व्याघ्रगड, त्यामुळे मी पहिली पंधरा मिनिटं फारच शिस्तीत चालले. दिसला तो शेकरू. झुपकेदार शेपूट या फांदीवरून त्या फांदीवर गेलं आणि आमच्यावर कसल्यातरी फळाची टरफलं पडली.

तासाभराने माझा श्वास भात्यासारखा वाजायला लागला. मी दर वळणावर "पाणी पिऊ" म्हणत होते, तहान नसताना. अक्का पदर खोचून वर उभ्या. "अगं, कोकणातली ना तू? चढ तुमच्या पाचवीला पुजलेला."

"आमच्याकडे चढ असतो अक्का, पण वरती घर असतं. तुम्ही बघा, इथे काय आहे?"

"इथे इतिहास आहे," त्या म्हणाल्या आणि ताई तेलिणीची गोष्ट सुरू झाली. पंतप्रतिनिधींच्या बाजूने या गडावर उभी राहिली आणि पेशव्यांच्या बापू गोखल्यांना महिनोन्‌महिने दाद दिली नाही. अक्कांना ही बाई मनापासून आवडते. गोष्ट ऐकत ऐकत मी तीन वळणं पाणी न पिता चढले, हा त्यांचा डाव होता हे नंतर कळलं.

वरच्या टप्प्यात झाडी ठेंगणी होते आणि कारवी लागते. एका ठिकाणी घसरले आणि हातात आली ती कारवीचीच काठी. आमच्या जुन्या गोठ्याचा कूड कारवीचा होता, वरून शेणाचा लेप. तीस वर्षांनी तो खडबडीत स्पर्श तळहाताला ओळखीचा वाटला. काठी वाळकी होती, मोडली. बसले धप्पकन. अक्का हसल्या नाहीत, पण त्यांना फार कष्ट पडले.

मग पायऱ्या, पडका दरवाजा, बिनछपराचा मारुती. समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्यावर तोफा चढवून हा गड घेतला. टाक्याचं पाणी तोंडावर मारलं आणि बाबूकड्याकडे निघालो.

हा कडा पाहिल्यावर मला आपली भिंत समजली. गड आम्ही चढलो तो घाटाच्या बाजूने. तलाव भरतो तेव्हा त्याचं पाणीच समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरवर असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त डोंगर लाँचमध्ये बसण्याआधीच झालेला. कोकणाच्या बाजूला तसली सवलत नाही. नालेच्या आकाराचा कडा पायाखालून तुटतो आणि खाली पार तळाशी जंगल शेवाळासारखं दिसतं. वारा खालून वर येतो. मी आडवी झाले आणि नुसतं डोकं पुढे काढलं. पलीकडे नागेश्वरचा सुळका. महाशिवरात्रीला चोरवण्याकडून लोक त्याच्या गुहेत चढून येतात. आमच्या वाडीतलेही जायचे. बायकांनी कुठे जायचं म्हणून मी कधी गेले नाही.

खाली कोकण होतं. म्हणजे असावं. धुरकट निळ्यात टेकड्यांमागे टेकड्या, एखादी पांढरी रेघ, ती नदी की रस्ता कोण जाणे. मी डोळे बारीक करून आमची वाडी शोधत होते. अक्का म्हणाल्या, फोन लाव. जंगलात मेलेली रेंज इथे चक्क दोन काड्या दाखवत होती, कोकणातल्या टॉवरची असणार.

"आई, मी आपल्या डोंगरावर आहे. समोरच्या."

"काय गो, कशाला गेलीस तिथं? पडशील. जेवलीस काय?"

"थांब, अंगणात जा. मला आपलं घर दिसतंय."

चपलांचा आवाज, मग कोंबड्यांचा. मग बराच वेळ काही नाही.

"खोटं नको बोलूस," आई म्हणाली. "आज धुरकट आहे. आमाला डोंगरच दिसत नाय."

तरी ती लगेच आत गेली नाही. मीही फोन ठेवला नाही. तिने सांगितलं की ओटीवरचा पत्रा बदलला, सुपारी बरी लागली, आणि परतताना काठी घे. मग रेंज गेली.

उतरण्याबद्दल फार लिहीत नाही. गुडघ्यांना विचारा. नावाड्याने दिलेली वेळ अर्ध्या तासाने टळली होती, त्याने घड्याळ दाखवलं आणि तोंड फिरवलं. चौकीत सातच्या सात कागद मोजून दिले, अनामत मिळाली.

लाँच सुटली तेव्हा उन्हं उतरली होती आणि अख्खा पश्चिमेचा डोंगर काळा झाला होता. त्याच्या पलीकडच्या अंगावर आत्ता ऊन असणार, माथ्याला टेकायला आलेलं. मी बूट काढले. बोटांना फोड, घोट्यापर्यंत माती. काठावर वाकून पाण्यात पाय सोडणार एवढ्यात अक्कांनी दंड धरला.

"अगं ए! तुझ्या माहेरी जातंय ते पाणी."