फलटण ते बरड

दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं डोळे भरून पाहिलं. पण मनात घर करून बसलाय तो फलटण-बरडचा टप्पा.

यांची ही 11वी वारी, माझी पहिली. दिंडीत पताका पुढे, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि मागे आम्ही तुळशीवाल्या बायका. त्यामुळे दिवसभर यांची नि माझी गाठ नाही. हा माणूस घरीही मोजकंच बोलणारा. लग्नाला 34 वर्षं झाली, पण वारीत दोन-दोन दिवस "जेवलीस?" एवढाच एक शब्द. मला राग यायचा. बाकीच्या जोड्या विसाव्याला शेजारी बसून चहा घेणार, आणि हे टाळाची दोरी आवळत बसणार. त्यात पहाटे टँकरपुढची रांग, न वाळलेलं लुगडं. आणि काकड्याला उभं राहिलं की त्याच चिडक्या डोळ्यांतून धारा.

विडणीच्या विसाव्याला डावी टाच ठसठसायला लागली. पिंपरदला जेवणं उरकून उठले तर पाऊल टेकवेना. तुळस पुतणीच्या डोक्यावर दिली आणि लंगडत निघाले. दिंडी पुढे सरकत गेली. सगळ्यांनी टाकलं, असं वाटून घसा दाटून आला.

पुढच्या वळणावर हे उभे. गळ्यात टाळ नव्हते. भजन चालू असताना ओळ सोडणं यांना पाप वाटतं. "ट्रकमध्ये बसतेस का?" म्हणतील असं वाटलं, तेही म्हणाले नाहीत.

कडेच्या लिंबाखाली दुसऱ्या दिंडीतली एक आजी पान जुळवत बसली होती. बोलण्यावरून परभणीकडची. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "बस माय." बटव्यातून सुई-दोरा काढला. फोडातून दोरा ओवला नि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. "वढू नगंस. पानी आपसूक जातंय." तोवर माझी टाच यांच्या मांडीवर, दोन्ही हातांत धरलेली. येणारी-जाणारी माणसं "माउली, माउली" म्हणत पुढे जात होती. मी लाजेने मान खाली घातली. आजीच्या पाया पडायला वाकले तर तीच आधी माझ्या पायांशी वाकली. नाव विचारायचं राहून गेलं.

पुढे बरडपर्यंत हे माझ्या मागे एक पाऊल ठेवून चालत होते. शेजारी यायला काय होतं, म्हणून मी पुन्हा चिडले. चार वाजून गेले असतील, ऊन पाठीमागून भाजत होतं, पण माझ्या मानेला चटका लागत नव्हता. खाली पाहिलं तर रस्त्यावर एकच सावली, यांची. मी तिच्या आत होते. मी थांबले की हे थांबत. तोंडाने ज्ञानोबा-तुकाराम चालू होतं, टाळांच्या जागी दोन बोटं तळहातावर.

दिंडी गाठली तेव्हा बरडच्या तळावर हरिपाठ चालू होता. संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. रांगेत यांची पाळी आली. हे वाकले. हात लावला तो फक्त उजव्या पायाला.