लाल डोकं, हिरवं अंग

दुपारी जिगची, म्हणजे शिशाचं डोकं बसवलेल्या मासेमारीच्या गळांची, डबी आवरायला घेतली की कप्पेच सगळं सांगतात. ग्रीन पम्पकिन या मळकट हिरव्या रंगाचा कप्पा रिकामा, काळ्यात दोन-तीन उरलेली, आणि शार्ट्रूज (पिवळट हिरवा), निळा, नारिंगी काठोकाठ. लहानपणीच्या खडूपेटीतला पांढरा खडू आठवतो. तो कधी झिजला नाही, पण नव्या पेटीत नसता तर चाललंही नसतं.

फिनेसमध्ये, म्हणजे हलक्या, छोट्या आमिषाच्या मासेमारीत, सगळंच चिमुकलं. १/१६ किंवा १/१० औंसाचं मशरूमसारखं हेड, म्हणजे डोकं, आणि त्यामागे अंग म्हणून अडीच-तीन इंचांचा मऊ प्लास्टिकचा तुकडा. शिशाच्या एवढ्याशा थेंबाला रंग कुठला, यावर माणसं तावातावाने भांडतात. खरं तर आधी वजन बघावं. सहा फूट संथ पाण्यात १/६ औंसाचं हेड धपकन तळाला बसत असेल, तर त्याला सोन्याचा मुलामा दिला तरी उपयोग नाही. वजन बदला किंवा रंग, गाठ एकदाच सोडायची असते. तरी हात जातो तो रंगांकडेच.

नितळ पाण्यात अंगाच्या रंगाचंच डोकं लावायचं, ही झाली सरळ वाट. मशरूम हेडची मागची बाजू सपाट असते, ती प्लास्टिकला चपखल टेकते आणि सांधा दिसत नाही. मात्र गळ मधोमध न निघता जरा तिरका निघाला की तुकडा वाकतो, मागे फट पडते, आणि रंग जुळवण्याची सगळी मेहनत त्या फटीतून जाते.

आडवाटेची मंडळी हिरव्या अंगाला लाल डोकं लावतात. ज्यांच्या नावावरून या जोडणीला नेड रिग म्हणतात, त्या अमेरिकेतल्या कॅन्ससच्या नेड केडींच्या मासेमारीच्या नोंदींत लाल आणि शार्ट्रूज हेड पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा याला निव्वळ हौस म्हणून उडवून लावता येत नाही. २०१९ साली इलिनॉयमधल्या संशोधकांनी लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाची रंगदृष्टी तपासली. माशाला लाल आणि हिरवा चांगला ओळखता येतो, पण काळ्या-निळ्यात आणि शार्ट्रूज-पांढऱ्यात त्याची गल्लत होते. म्हणजे निळ्याचा वेगळा कप्पा आपण स्वतःसाठीच ठेवलेला. लालची गंमत आणखी वेगळी. माशाचा डोळा लाल टिपायला तयार, पण पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाशच गिळतं. काठाजवळ उठून दिसणारं लाल हेड खोलात उतरता उतरता काळपट होत जातं. गढूळ पाण्यात सरळ काळं लावावं, आकृती तरी ठसठशीत दिसते. दगडांत क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) असतील तर तपकिरी अंगाला नारिंगी डोकं. एवढ्यावर बहुतेक दिवस निभावतात.

पावडर पेंट घरी करणाऱ्यांचं दुखणं निराळं. पक्कडीत गळ धरून शिसं तापवायचं आणि हलवून फुगवलेल्या पावडरीत एक-दोन सेकंद फिरवून बाहेर काढायचं. पावडर लगेच वितळून चकाकली तर तापमान बरोबर. पिठासारखी कोरडी राहिली तर शिसं थंड होतं, पुन्हा आचेवर धरायचं. जास्त तापलं तर थर जाड बसतो, खाली ओघळ लोंबतो आणि सपाट पाठीवर गाठ येते. मग प्लास्टिक टेकत नाही, पुन्हा तीच फट. मेणबत्तीवर तापवलं तर काजळी धरते आणि पांढरा राखाडी होतो. गळाचा डोळा रंग मऊ असतानाच सुईने मोकळा करावा, नंतर बोटं फुटतात. शेवटी १७५ अंश सेल्सिअसला १५-२० मिनिटं भाजायचं, आणि तेही स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही. ही पायरी गाळली की पहिल्याच खडकावर टवके उडतात.

टवके उडालेल्या, नाकावर शिसं उघडं पडलेल्या हेडलाही मासा लागतो. तेव्हा रंगांचे पंडित जरा गप्प होतात.

पण शिसं उघडं पडतं, ते तेवढ्यावर थांबत नाही. दोरा तुटून जी हेडं दगडांत राहतात, किंवा जी माशाच्या तोंडात तशीच जातात, ती लून या बुडी मारून मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात पोचतात, आणि शिसं त्याला विषारी ठरतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १ औंस आणि त्याखालच्या शिशाच्या जिगवर २०१६ पासून बंदी आहे, ती यासाठीच. टंगस्टनची हेडं मिळतात, महाग पडतात. लूनच्या पेषणीत अन्न दळायला खडे असतात. ते रात्रंदिवस घासत राहतात, आणि हिरवा असो की लाल, आधी रंग जातो.